मिरचीवाल्या घरातला हेडफोन

राणू किंचाळली आणि मला वाटलं, मी माझ्या पोरीचे कान फोडले. किंचाळली म्हणजे आधी नुसतं तोंड उघडलं, श्वास आत गेला तो बाहेर येईना, डोळे मोठे, ओठ निळे पडायला लागले, आणि मग असा आवाज निघाला की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. दोन्ही हातांनी दोन्ही कान धरलेले. मी तिच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून काढला, तो घाईत माझ्याच गळ्यात अडकवला, वायर निसटली, आणि मी आपली ओरडतेय, राणू, राणू, इकडे बघ, मायकडे बघ. ती बघत नव्हती. मी तिच्या तोंडासमोर टाळ्या वाजवल्या. पाठीमागून वाजवल्या. काहीच नाही, ती आपली डोकं गदागदा हलवतेय आणि कान चोळतेय.

अडीच वर्षांची पोर. आणि तिनं तो खेळता खेळता ओढून घेतला असंही नव्हतं. मी घातला होता. ह्या हातांनी, कौतुकानं. त्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कुठंतरी कोंबडा आरवत होता, तो तिला ऐकवायचा होता. कोंबडा आरवला तशी ती हसली पण होती. स्क्रीनच्या मागे डोकावून बघून आली कोंबडा कुठंय ते. म्हणून मी परत लावला, परत लावला, पाच-सात वेळा लावला, आणि मग हे. मी आवाजाचं बटण बघितलं तर ते निम्म्यावर होतं. निम्म्यावर म्हणजे जास्त का कमी, मला काय माहीत? नववीत शाळा सुटलेली बाई मी. अडीच वर्षांच्या कानाला किती आवाज चालतो हे कोणत्या धड्यात होतं? तिला उचललं, दार तसंच उघडं टाकलं, पायात चप्पल नाही, आणि पळाले.

ती वेळ सांगायची तर आमचं घर सांगावं लागेल. नंदुरबारात, मिरचीच्या पथारीच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायचो, अजून राहतो. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. हंगामात नजर जाईल तिथपर्यंत लाल. त्यात बाया ओळीनं बसलेल्या, तोंडाला फडकी बांधलेल्या, मिरचीचे देठ खुडतात. वारा आमच्याकडे फिरला की अख्खी गल्ली शिंकते. दुसरीकडे घरातून निघताना कोणी शिंकलं तर लोक जरा थांबतात, आमच्या गल्लीत थांबायचं ठरवलं तर माणूस हंगामभर घरातच बसेल. सकाळी आधी खोकल्याचे आवाज, मग भाकरी थापायचे, मग सुरतेकडच्या गाडीचा भोंगा, मग बायांच्या हाका, "चाल वं, चाल वं". ह्या आवाजांत मी लग्न करून आले आणि दुसऱ्या आठवड्यात आत्यासोबत पथारीवर बसले.

आत्या म्हणजे माझी सासू. तिची बोटं मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं मेंदी लावलीय. मेंदी नाही, मिरचीचा रंग, नखांच्या कडेनं आत गेलेला, कितीही धुवा जात नाही. तीस वर्षं देठ खुडले तिनं. मला पहिल्या दिवशी हात असे पेटले की मी रात्रभर ताकाच्या पातेल्यात बोटं बुडवून बसले, आणि ती हसत होती. "मन्हा हातले ते आते काईच नही लागस," म्हणाली, "मरी गयात मन्हा बोट." तिच्या बोटांना मिरची कळतच नव्हती. हे लक्षात ठेवा.

राणू झाली आणि मी तिलाही पथारीवर न्यायला लागले, सगळ्याच नेतात, साडीची झोळी बांधून. पहिल्या हिवाळ्यात खोकला. दुसऱ्या हिवाळ्यात छातीतून शिट्टी वाजायला लागली, झोपेत पोट आत ओढायची. दवाखान्यातले डॉक्टर वाफ देता देता म्हणाले, बाई, औषध मी देईन, पण ह्या पोरीला त्या मिरचीतून काढ, नाहीतर दर आठ दिवसांनी इथंच येशील. काढ म्हणजे कुठं ठेवू? घरी ठेवायची तर मला घरी बसावं लागणार. आमचे हे रिक्षा चालवतात, त्यात घर अर्धं चालतं, अर्धं आम्ही सासू-सुना पथारीवरून चालवतो. रोज सकाळी मी राणूला झोळीत टाकताना तिचं नाक ओल्या फडक्यानं झाकायची आणि मनात म्हणायची, आजचा दिवस, फक्त आजचा दिवस.

तेव्हा ते काम आलं. आमच्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, एका संस्थेला अहिराणी ऐकून लिहिणारी बाई पाहिजे. म्हातारी माणसं बोललेली रेकॉर्ड केलेली आहेत, कॉम्प्युटरवर ऐकायचं आणि जसंच्या तसं टाईप करायचं. शिकलेली पोरं ठेवून बघितली, ती 'शे'चं 'आहे' करून टाकतात, सुधारून देतात. त्यांना न सुधारणारी पाहिजे. मी म्हटलं, मी तर सुधारलेलीच नाही! धानोऱ्याला माहेरी असताना शाळा सुटल्यावर मी वर्षभर फॉर्म भरायच्या दुकानात बसले होते, त्यामुळे टायपिंग येत होतं. ह्यांच्या मित्राचं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं होतं, त्याचा जुना कॉम्प्युटर कपाटासारखा आमच्या कोपऱ्यात येऊन पडला होता. संस्थेतल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, आधी परीक्षा. पाच रेकॉर्डिंग, दहा दिवस, चांगलं जमलं तर घरबसल्या काम. घरबसल्या हा शब्द त्यांनी सहज म्हटला. मी फोन ठेवून रडले.

पहिलं रेकॉर्डिंग मी मोबाईलच्या कानातल्या बोंडांवर ऐकलं. एका कानातून येतं, दुसऱ्यातून घुं घुं. बोंड घसरून पडतं. म्हातारा बोलतोय आणि मागे म्हैस, भांडी, कोणीतरी खाकरतंय. मी लिहून पाठवलं. मॅडमचा फोन आला, म्हणाल्या, वंदना, भाषा तुझी एकदम बरोबर आहे गं, पण निम्मं तू ऐकलंच नाहीस. चांगला हेडफोन घे, कानावर बसणारा. आणि पुढची चार नीट दे.

रेल्वे स्टेशनकडून आत आलं की चाचांचं दुकान. चाचा आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग मोबाईल, आता कॉम्प्युटर. मी राणूला कडेवर घेऊन गेले आणि म्हटलं, चाचा, चांगला हेडफोन द्या. ते चष्म्यावरून बघत राहिले. "चांगला म्हणजे काय बेटी? नाचायला चांगला, का झोपायला चांगला?" मी म्हटलं, म्हाताऱ्या बाया ऐकायला. ते एवढे हसले की बाजूचा चहावाला डोकावला. पण मग त्यांनी माझ्याकडून पेन ड्राईव्ह घेतला, रेकॉर्डिंगमधला एकच तुकडा लावला, आणि तोच तुकडा मला तीन-तीन हेडफोनांवर ऐकवला. मी ते अजून विसरले नाही.

पहिला मोठा, काळा, चकचकीत, दिसायला सगळ्यात भारी. घातला तर म्हातारीचा आवाज ढोलात बसून बोलल्यासारखा, धम धम. "हा पोरांचा," चाचा म्हणाले, "ह्याच्यात ढोल ऐकू येतो, बोल नाही." दुसरा बिनवायरचा. मला तोच आवडला होता, राणू वायर ओढते म्हणून. चाचा म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर किती जुना? मग त्याला हा दिसणारच नाही. आणि दिसला तरी आवाज मागून येईल. बटण दाबशील आता, बाई बोलेल नंतर. चार्जिंग संपलं की बैस." तिसरा साधा, राखाडी, वजनाला फुलासारखा, कानाला दोन जाड फोमच्या गाद्या. तो घातला आणि म्हातारी माझ्या समोर येऊन बसली. तिच्या तोंडात दात नाहीत हे पण ऐकू आलं. बांगडी ऐकू आली. मी म्हटलं, हाच.

चाचा म्हणाले, "ऐक. ह्याच्यातच दुसरा आहे, गादीला रेक्झिन लावलेला. आवाज जरा बंद-बंद वाटेल, कानाला घाम येईल. पण पुसता येतो. तू मिरचीवाल्या घरातली. फोम सगळं पिऊन घेतो, तेल, घाम, मिरची, सगळं. मिरचीवाल्या घरात रेक्झिन बरं." मी रेक्झिनचा घालून बघितला. म्हातारी एक पाऊल मागे सरकली. मी म्हटलं, नाही चाचा, मला फोमचाच द्या, मी मिरचीला हातच लावणार नाही आता. दुकानात उभं राहून हे म्हणताना मला किती बरं वाटलं ते काय सांगू. मी मिरचीला हातच लावणार नाही आता. जसं काही घरात मी एकटीच राहते.

कॉम्प्युटरला मागे दोन भोकं होती, एक हिरवं, एक गुलाबी, आणि हेडफोनला एकच पिन. हिरव्यात घातली तर घुं घुं वाजत राहिलं. परत गेले. चाचांनी नखाएवढी पांढरी डबी दिली, म्हणाले, ही पेन ड्राईव्हच्या भोकात लाव आणि पिन हिच्यात लाव, जुन्या मशीनच्या पोटातली गुरगुर मग येणार नाही. लावली. घुं घुं गेलं. एवढं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला.

आठ दिवस मी देवासारखा जपला तो हेडफोन. मिरचीचा डबा सुद्धा आत्याच काढायची, मी कोशिंबिरीला हिरवी पण चिरली नाही. सांजेला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा असायचा, तर मी माझी भाकर दह्याशी खायची. हे म्हणायचे, "बापरे, सायबीण व्हई गयी." आत्या भाकर मोडता मोडता त्या कोपऱ्याकडे बघायची. मी एकदा हेडफोन तिच्यापुढे धरला. म्हटलं, आत्या, ऐका ना, तुमच्या माहेरच्या, तापीकाठच्या बाया आहेत. ती मागे सरकली. "मी काय करू ते कानमा घालीसन? लोके हासतीन. डोकसावर काय ते, बैलनं जू!" आणि उठून गेली. मला वाटलं, तिला राग आहे. मी पथारीवर येत नाही, दोघींच्या वाटचं ती एकटी खुडते, राग असणारच.

आता तो दिवस. चार रेकॉर्डिंग पाठवून झाली होती, शेवटचं पाचवं राहिलं होतं आणि सांजेपर्यंत द्यायचं होतं. आत्या दुपारची भाकर खायला घरी आली. राणू झोळीत झोपलेली. तेवढ्यात नळ आला, मी दोन हंडे घेऊन पळाले, तिथं भांडण, नंबर, अर्धा तास तरी गेला. परत आले तर आत्या दारात, डोक्याचं फडकं बांधत होती, तोंड तिकडे केलेलं. डोळे लाल. मी विचारलं, काय झालं आत्या? म्हणाली, "डोयामा मिरची गयी. मिरचीवालीना डोयामा मिरची नही जाई ते काय गुलाब जाई?" आणि चालायला लागली. भाकरीला हात लावलेला नव्हता. मी आपली हंडे उतरवले. कॉम्प्युटरवर बघितलं तर पाचवं रेकॉर्डिंग उघडलेलं, मध्येच थांबलेलं. मी तर चौथ्यावर सोडून गेले होते. वाटलं, चौथं संपून आपोआप पुढचं लागलं असेल. तेव्हा वाटलं. मग राणू उठली, मी हेडफोन नुसता कानाजवळ धरून पाचवं पहिल्यापासून लावलं, सुरुवातीला तो कोंबडा आरवला, आणि मी म्हटलं, राणू, ये, गंमत ऐक.

तर मी पळत होते. अनवाणी, पोर कडेवर, हेडफोन गळ्यात, वायर मागे मातीत लोळतेय. दवाखान्याच्या वाटेवर चाचांचं दुकान लागतं. मी दुकानात शिरले आणि ओरडले, चाचा, तुमच्या मशीननं माझी पोर बहिरी केली! दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती उठून उभी राहिली. चाचांनी स्क्रूंचा पत्र्याचा डबा उचलला, राणूच्या पाठीमागे गेले आणि हळूच हलवला. खुळखुळ. राणू रडता रडता थांबली आणि मान वळवून डब्याकडे बघितलं. परत दुसऱ्या बाजूनं. परत वळली. "ऐकू येतंय," चाचा म्हणाले, "बैस बेटी." मग तिचे कान बघितले. वरची पाळी, मागची कातडी, लालभडक. त्यांनी माझ्या गळ्यातून हेडफोन काढला, गादी नाकाशी नेली, आणि एक शिंक, दुसरी शिंक, तिसरी. डोळे पुसत म्हणाले, "आवाजानं नाही काही झालं. मिरची आहे ही. फोम पिऊन बसलाय." तेव्हा कुठं मला कळलं की माझी मान पण केव्हाची जळतेय. दोन पट्टे उठले होते, गाद्या टेकल्या तिथं.

चाचांनी शेजारून खोबऱ्याचं तेल मागवलं. म्हणाले, पाणी लावू नको, पसरेल, वरून तेल पूस आणि कापड बदलत राहा, आणि दवाखान्यात दाखवच. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत बघितलं. पडदा चांगला आहे, आत काही नाही, वरची कातडी भाजलीय, दोन दिवसांत जाईल. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, मी तुला मिरचीतून काढ म्हटलं होतं, तू कानाला लावली? मी मान खाली घातली. राणू माझ्या खांद्यावर हुंदके देत झोपून गेली होती, छातीतली शिट्टी वाजत होती.

दवाखान्यातून घरी येताना मी ती गादी निरखून बघितली. राखाडी फोमवर, उजव्या बाजूला, अंगठ्याचा डाग. तेलकट, तांबूस. डाव्या बाजूला तीन बोटांचे. आणि मला सगळं एका झटक्यात दिसलं, उघडलेलं पाचवं रेकॉर्डिंग, न खाल्लेली भाकर, लाल डोळे, तिकडे केलेलं तोंड. ती ऐकत होती, बटण कोणतं दाबायचं ते भाकर मोडता मोडता बघून ठेवलेलं. सून नळावर गेली तेव्हा, चोरून, जसं पोरं गूळ खातात तसं. तिच्या बोटांना मिरची कळत नाही. आणि त्या लाल डोळ्यांत पाणी कशाचं ते तिचं तिला माहीत.

घरी माझ्याआधी बातमी पोचली होती. हे रिक्षा सोडून आलेले, आत्या पथारीवरून पळत आलेली, धापा टाकत. राणूला माझ्या हातातून हिसकावून घेतलं तिनं, कान बघितले आणि छाती पिटायला लागली. "व माय व! मन्ही पोरना कान! सांगी ऱ्हायंतू मी, ते मशीन घरमा नको! परत कर ते! सकायपासून चाल पथारीवर, पोरले भी लई ये, मन्हा डोयासमोर ऱ्हाई ती!" पोरीला परत पथारीवर. ज्याच्यासाठी सगळं केलं ते एका वाक्यात संपलं. मी म्हटलं, मशीननं नाही झालं, आवाजानं नाही झालं, फोमला मिरची लागली होती.

हे म्हणाले, "मिरची? कोणी लावी? तू ते आठ दिनपासून पथारीवर गयीच नही." मग ह्यांनी सावकाश मान वळवून आपल्या आईकडे बघितलं. आणि आत्यानं पोरीच्या पाठीवरचा आपला हात उचलून स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला. नुसता धरला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर कोणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. राणू तिचा जीव होती. झोळीला पहिला झोका ती द्यायची, भाकरीचा पहिला मऊ पापुद्रा ती भरवायची. मी मधे बोलले. मी म्हटलं, मी गेले होते. काल. आत्याला बोलवायला गेले, आणि जरा वेळ देठ खुडत बसले. हात धुतले नाहीत नीट. माझ्याच हातानं झालं.

ह्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं बोलले. सगळी गल्ली दारात उभी होती. "पोटनी पोर शे का कोनी रस्तावरनी? हात धोवानी अक्कल नही आनि चालनी कॉम्प्युटर कराले!" हेडफोन कपाटावर फेकला, म्हणाले, उद्या त्या चाचाच्या तोंडावर मारून येतो. आत्या मध्ये एक शब्द बोलली नाही. ती राणूला घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

दिवेलागण होत होती आणि पाचवं रेकॉर्डिंग राहिलं होतं. हे रिक्षा घेऊन परत गेले. मी मोबाईलची बोंडं काढली, कॉम्प्युटर लावला, आणि रडत रडत बसले. ती एक तापीकाठची म्हातारी होती, सांगत होती की तिचं लग्न होऊन ती नावेत बसली तेव्हा तिची माय काठावर आली. मग मागे कोणीतरी पाण्याची मोटर चालू केली. घरघर. पुढचं काहीच कळेना. मी परत लावलं. परत. दहा वेळा लावलं. घरघर, आणि आत कुठंतरी म्हातारीचं पुटपुटणं. हेडफोन असता तर ऐकू आलं असतं, पण तो कपाटावर, आणि खाली काढला तरी तो कानाला लावायचा कसा. मी डोकं टेबलावर टेकवलं. झालं, म्हटलं. उद्यापासून झोळी, पथारी, शिट्टी.

मागून आवाज आला. भिंतीकडून, तोंड न वळवता. "माय काठवर उभी व्हती," आत्या म्हणाली. "तिनी हात हलावा नही. मी भी हलावा नही. दोन्हीसले वाटनं, हात हलावा ते रडू येई. नाव मधमा गयी आनि मंग माय दिसनी नही." तिनं राणूचं पांघरूण नीट केलं. "अशी म्हनस ती. लिख."

मी लिहिलं. वळून बघितलं नाही. तिनं सांगितलं तसं, एक अक्षर न सुधारता लिहिलं आणि पाठवून दिलं.

काम मिळालं. किती दिवस टिकलं, मग दुसरं कसं मिळालं, ते सांगत बसत नाही. हेडफोन ह्यांनी चाचांना परत दिला, चाचांनी न विचारता रेक्झिनचा पाठवून दिला. म्हातारी आता एक पाऊल मागूनच बोलते, चालतं. राणू पथारीवर परत गेली नाही. तिची शिट्टी अजून हिवाळ्यात येते, पण कमी. आत्या अजून पथारीवर जाते. घरी आली की आधी तेलानं, मग पिठानं, मग साबणानं, तीन-तीनदा हात धुते, आणि त्या कोपऱ्याकडे कधीच जात नाही. मी कितीदा म्हटलं, आत्या, आता पुसता येतो हा, घाला ना. नाही म्हणते. आम्ही त्या दिवसाबद्दल आजवर एकमेकींशी बोललो नाही.

पण गल्ली बोलते. लग्नात, बारशात, कोणी ना कोणी म्हणतंच, हीच ती, हिनं पोरीचे कान जाळले होते. हे पण हसत हसत सांगतात आता. आणि परवा राणूनं ऐकलं. शाळेतून आली, दप्तर टाकलं, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, तू माझ्या कानाला मिरची लावली होती? मुद्दाम?" आत्या तिथंच लसूण सोलत बसलेली. तिची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पोरीकडे बघितलं नाही, परातीतल्या लसणाकडे बघत राहिली, आणि पोर माझ्या तोंडाकडे बघतेय.

ताई, दादा, जे कोणी हे वाचत असाल, तुम्ही मला सांगा. तुमची पोर असती, समोर उभी, आणि मागे ती म्हातारी, हातात अर्धी सोललेली पाकळी धरून. तुम्ही काय सांगितलं असतं?